ठाणे, १३२१ : चार खून आणि एक विसरलेली तक्रार

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले काही 'म्हणजे' आणि 'तर' गाळलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं.)

रत्नागिरीहून मी पुन्हा तुमच्या कानात.

मागच्या आठवड्यात इथे पाऊस असा लागला की दोन रात्री लाईटच नव्हती. फोनची बॅटरी एकोणीस टक्क्यांवर, नेट गायब. मग फोन बाजूला ठेवला आणि कधीपासून अर्धवट पडलेली एक जाडजूड कादंबरी मेणबत्तीच्या उजेडात पुन्हा उघडली. उंबेर्तो इको या इटालियन प्राध्यापकाची 'द नेम ऑफ द रोज'. १९८० साली इटालियनमध्ये आली, १९८३ मध्ये इंग्रजीत, आणि १९८६ मध्ये तिच्यावर सिनेमा निघाला. त्यात शॉन कॉनरी, म्हणजे आपला जुना जेम्स बाँड, संन्याशाचा झगा घालून खुनांचा तपास करतो.

गोष्ट घडते नोव्हेंबर १३२७ मध्ये. उत्तर इटलीच्या डोंगरातला एक ख्रिस्ती मठ, आत भुलभुलैयासारखं ग्रंथालय. सात दिवसांची कथा, आणि एकामागून एक मरणारे साधू. छडा लावायला येतो विल्यम ऑफ बास्करव्हिल नावाचा इंग्रज संन्यासी. बास्करव्हिल हे नाव ऐकल्यासारखं वाटतंय ना? शेरलॉक होम्सच्या कुत्र्याच्या गोष्टीतलं. इकोने ते मुद्दामच ठेवलंय.

या प्रकारच्या कादंबऱ्यांचं इंग्रजीत मोठं दालन आहे. एलिस पीटर्स या टोपणनावाने लिहिणाऱ्या एडिथ पार्जेटर यांनी १९७७ मध्ये ब्रदर कॅडफेल नावाचा साधू उभा केला. बाराव्या शतकातलं इंग्लंड, श्रूजबरीचा मठ. हा कॅडफेल तरुणपणी क्रुसेडवर जाऊन आलेला, आता मठात औषधी झाडपाल्याची बाग सांभाळतो आणि मधूनमधून खुनाचा छडा लावतो. त्याची पहिलीच कादंबरी एका संत स्त्रीच्या अस्थी मठात आणण्यावरून झालेल्या खुनाची आहे. अस्थी हा शब्द लक्षात ठेवा, तो पुढे लागणार आहे.

आता असा विचार करा. आपल्या आजोबांच्या पिढीने बाबुराव अर्नाळकरांचा धनंजय वाचला. धनंजयच्या जगात पोलीस आहेत, टेलिफोन आहे, मोटार आहे. कॅडफेल आणि विल्यमच्या जगात यातलं काहीच नाही. माणूस का मेला विचारलं, तर 'देवाची इच्छा' किंवा 'सैतानाचं काम' असं उत्तर मिळतं आणि विषय संपतो. अशा जगात एक माणूस म्हणतो, "थांबा. बर्फात हे ठसे कोणाचे आहेत ते आधी बघू." या कादंबऱ्यांची सगळी मजा त्या 'थांबा'मध्ये आहे.

मेणबत्ती संपत आली तेव्हा माझ्या डोक्यात आलं, की तिकडे १३२७ मध्ये हे चाललं होतं, तर त्या सुमारास आपल्या कोकणात काय चाललं होतं? आणि मग आठवलं. ठाणे. १३२१. चार खून. मेलेले चौघेही विल्यमसारखेच फ्रान्सिस्कन संन्यासी.

हो, ठाणेच. जिथे आपले अर्धे नातेवाईक राहतात ते.

चौघे ठाण्यात कसे आले?

आधी फ्रान्सिस्कन म्हणजे कोण ते सांगतो. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला इटलीतल्या असिसी गावच्या फ्रान्सिसने हा संघ काढला. घरदार नाही, जमीन नाही, गाठीला पैसा नाही, भिक्षा मागून जगायचं. आपल्याकडे माधुकरी मागून राहणारे असत, साधारण तसंच समजा.

या चौघांची नावं: टोलेंटिनोचा थॉमस, पाडुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा डिमिट्रियस. तिफ्लिस म्हणजे आजच्या जॉर्जिया देशाची राजधानी तिबिलिसी. डिमिट्रियसला भाषा येत होत्या, तो यांचा दुभाषा. सोबत पाचवा होता जॉर्डनस, दुसऱ्या संघाचा, म्हणजे डोमिनिकन. इराणच्या आखातातल्या होर्मुझहून जहाजाने हे निघाले. जायचं होतं केरळात, कोल्लमला. जहाज लागलं ठाण्याला.

त्या वेळचं ठाणे हे मोठं बंदर. देवगिरीच्या यादवांचं राज्य नुकतंच बुडालेलं, आणि ठाण्यावर दिल्लीच्या सुलतानाचा मलिक, म्हणजे सुभेदार, बसलेला. गावात ख्रिस्ती लोकांची पंधरा घरं होती. हे नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या पंथाचे. रोमच्या दृष्टीने ते पाखंडीच. तरी त्यांच्यातल्याच एकाने या परदेशी पाहुण्यांना घरात जागा दिली.

जॉर्डनसला फारसी येत होती. भडोचकडे काही ख्रिस्ती लोक आहेत असं कळलं म्हणून तो सोपाऱ्यामार्गे तिकडे निघाला. चौघे ठाण्यात राहिले.

काझीसमोर

आता नीट ऐका, कारण सगळा घोळ इथे सुरू होतो.

ज्या घरात हे उतरले होते, तिथे नवरा-बायकोचं भांडण झालं. नवऱ्याने बायकोला जबर मारलं. ती बाई गप्प बसली नाही. ती उठली आणि थेट काझीकडे गेली. काझीने विचारलं, साक्षीदार कोण? ती म्हणाली, आमच्या घरात चार परदेशी साधू आहेत, त्यांनी बघितलंय.

काझीच्या दरबारात तेव्हा अलेक्झांड्रियाचा एक माणूस बसला होता. तो म्हणाला, बोलवा त्यांना, विद्वान लोक असतात हे, धर्मावर चर्चा करू. पीटरला सामान सांभाळायला घरी ठेवून तिघे गेले.

आणि बाईची केस तिथेच संपली. पुढचा सगळा वेळ वाद रंगला तो येशू कोण आणि पैगंबर कोण यावर. वाद तापला. काझीने थेट प्रश्न विचारला, साधूंनी थेट उत्तर दिलं, आणि लोक भडकले.

मग आगीची परीक्षा. भर चौकात मोठा जाळ केला आणि जेम्सला त्यात टाकलं. कथा म्हणते की तो न भाजता बाहेर आला. यावर काझीने दिलेलं स्पष्टीकरण मला फार आवडतं. तो म्हणाला, याच्या अंगावरचं कापड अब्राहमच्या देशातलं आहे, म्हणून हा जळला नाही. मग दुसऱ्या वेळी कपडे काढून, अंगाला तेल फासून टाकलं. तरीही तो वाचला, असं कथा सांगते.

मलिक घाबरला. त्याने त्यांना गुपचूप सांगितलं, इथून निघून जा. तिघे खाडीपलीकडच्या वस्तीत गेले आणि एका हिंदू माणसाच्या घरी उतरले. पण काझीने मलिकचे कान भरले. रात्री चार हत्यारबंद माणसं पाठवली गेली. मारेकरी त्यांना म्हणाले, तुम्ही भली माणसं आहात, आमची इच्छा नाही, पण हुकूम मोडला तर आमची बायकापोरं मरतील. ९ एप्रिल १३२१ ला तिघांना मारलं. मागे राहिलेला पीटर ११ एप्रिलला मारला गेला.

आता थांबा

इथपर्यंत ऐकून तुमच्यापैकी काहींच्या मनात एक तयार व्हिडिओ सुरू झाला असेल. अमक्या धर्माचे वाईट, तमक्या धर्माचे चांगले. थंबनेल, लाल बाण, सगळं. याच घटनेवर कोणी तसा फॉरवर्ड बनवला तर तो अर्ध्या तासात शंभर ग्रुपमध्ये फिरेल.

म्हणून आपण विल्यम ऑफ बास्करव्हिल होऊ या आणि म्हणू या, थांबा.

पहिला प्रश्न. हे सांगतंय कोण? दोघे जण. एक जॉर्डनस, जो त्या दिवशी ठाण्यात नव्हताच. त्याने बातमी ऐकली, परत आला, मृतदेह मिळवून सोपाऱ्याला पुरले. ऑक्टोबर १३२१ मध्ये गुजरातच्या घोघा बंदरातून त्याने पत्र लिहिलं, पुढे ठाण्याहून आणखी एक. दुसरा सांगणारा ओडोरिक, तोही फ्रान्सिस्कन. हा काही काळाने ठाण्यात आला, हकिगत ऐकली, पुढे चीनपर्यंत गेला आणि परतल्यावर १३३० मध्ये पाडुआत बसून सगळं दुसऱ्याला सांगून लिहवून घेतलं. म्हणजे घटनेनंतर नऊ वर्षांनी, हजारो मैल दूर, ऐकीव. ओडोरिकचं निरीक्षण तसं चांगलं आहे हं. ठाण्यात कुत्र्याएवढे उंदीर आहेत आणि मांजरांचं त्यांच्यापुढे काही चालत नाही, असं तो सांगतो. घुशी! ज्याने ठाण्याची घूस टिपली तो माणूस तिथे आला होता याबद्दल मला तरी शंका नाही. पण घूस त्याने डोळ्यांनी पाहिली होती. आग पाहिली नव्हती.

दुसरा प्रश्न. ही आगीची गोष्ट आधी कुठे ऐकलीय का? ऐकलीय. फ्रान्सिस्कन संघाचा संस्थापक फ्रान्सिस १२१९ मध्ये इजिप्तच्या सुलतानाला भेटला होता. त्याच्या चरित्रात गोष्ट आहे की त्याने सुलतानासमोर आगीतून चालून दाखवायची तयारी दाखवली. प्रत्येक फ्रान्सिस्कन संन्यासी ही गोष्ट ऐकत मोठा झालेला. मग ठाण्यात खरंच आग पेटली होती, की सांगणाऱ्यांच्या मनातली जुनी गोष्ट या गोष्टीत शिरली? आपल्या संतचरित्रांत एकाचा चमत्कार दुसऱ्याच्या नावावर सापडतो, तसंच काहीसं हे असू शकतं.

तिसरा प्रश्न. मध्यरात्री मारेकरी काय बोलले हे कळलं कसं? ऐकणारे तिघेही मेले. म्हणजे एकतर घराच्या हिंदू मालकाने सांगितलं असेल, किंवा मारेकऱ्यांनीच मागाहून कोणापाशी बोलून दाखवलं असेल, किंवा ते कोणी रचलं असेल. यातलं दुसरं खरं असेल, तर ती या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात माणुसकीची ओळ आहे.

आणि शेवट काय झाला? ओडोरिकच्या म्हणण्यानुसार दिल्लीच्या सुलतानाने मलिकला पकडून नेलं, जाब विचारला आणि देहदंड दिला. काझी पळून गेला. दिल्लीत तेव्हा गियासुद्दीन तुघलक गादीवर होता. म्हणजे याच कथेत जीव घेणारा अधिकारी मुसलमान आणि त्याला शिक्षा करणारा राजाही मुसलमान. व्हिडिओवाल्याला हे गैरसोयीचं आहे, तो हा भाग कापणार.

तिकडे मार्सेलमध्ये

आता जरा युरोपात जाऊ, कारण 'द नेम ऑफ द रोज'चा धागा तिथे जुळतो.

ठाण्याच्या तीन वर्षं आधी, ७ मे १३१८ ला फ्रान्समधल्या मार्सेल शहरात चार संन्याशांना जिवंत जाळलं. तेही चौघे, तेही फ्रान्सिस्कन. जाळायला लावणारे ख्रिस्ती धर्मन्यायालयाचेच लोक. त्या न्यायालयाचा प्रमुख मिशेल ल मोआन हाही फ्रान्सिस्कनच. गुन्हा काय? संघातल्या कडव्या गटाचं म्हणणं होतं की गरिबी म्हणजे गरिबी. आखूड, ठिगळांचे झगे घालायचे, धान्याची कोठारं भरून ठेवायची नाहीत. पोप बाविसावे जॉन यांचा हुकूम याच्या उलट होता. या चौघांनी हुकूम मानला नाही. झगा किती लांब आणि कोठारात धान्य किती, यावरून माणसं जाळली गेली.

इकोच्या कादंबरीत मठात जमलेले लोक याच भांडणाचा निवाडा करायला आलेले असतात. मागे प्रेतं पडत असतात आणि पुढे चर्चा चाललेली असते की येशूच्या मालकीचं काही होतं का.

आणि आता ठाण्याकडे बघा. आपला टोलेंटिनोचा थॉमस याच कडव्या गटातला होता. गरिबीच्या हट्टापायी त्याला त्याच्याच संघाने इटलीत तुरुंगात डांबलं होतं. सुटल्यावर, १२९० च्या सुमारास, त्याला आर्मेनियात पाठवलं. तिथून तो पूर्वेकडे सरकत सरकत ठाण्यापर्यंत आला. म्हणजे कादंबरीतल्या भांडणातलाच एक खरा माणूस ठाण्याच्या खाडीकाठी येऊन मेला. मायदेशी राहिला असता तर मार्सेलच्या चितेवर पाचवा ठरला असता की काय, कोण जाणे.

आणि त्याला पुरलं कोणी? जॉर्डनसने, डोमिनिकनाने. या दोन संघांतून तेव्हा विस्तव जात नसे. मार्सेलमध्ये फ्रान्सिस्कनाने फ्रान्सिस्कन जाळले. सोपाऱ्यात डोमिनिकनाने फ्रान्सिस्कन पुरले. धर्माच्या आणि संघाच्या पाट्या वाचून माणूस कळत नाही, हे सांगायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी सापडलं नाही.

अस्थींचा प्रवास

अस्थी लक्षात ठेवा म्हटलं होतं. ओडोरिकने सोपाऱ्याच्या थडग्यातून चौघांच्या अस्थी काढल्या आणि गाठोड्यात बांधून निघाला. वाटेत एका घरात त्या उशाशी घेऊन झोपला असताना घराला आग लागली, तो वाचला. समुद्रात वारा पडला आणि जहाज अडलं. सगळ्यांनी आपापल्या देवाला साकडं घातलं, काही उपयोग नाही. शेवटी ओडोरिकने एक हाड हळूच पाण्यात टाकलं, आणि वारा सुटला. हे सगळं त्याचंच म्हणणं. अखेर त्याने त्या अस्थी चीनमधल्या झैतून बंदरात, म्हणजे आजच्या छुआनचौ शहरात, आपल्या संघाच्या मठात पोचवल्या.

ठाण्याहून केरळाकडे जाणारं जहाज म्हणजे आपल्याच किनाऱ्याने गेलं असणार. म्हणजे एके दिवशी आमच्या मिऱ्याच्या डोंगरापुढून, क्षितिजावरून, चार माणसांची हाडं उशाशी घेतलेला एक संन्यासी चीनकडे गेला. किनाऱ्यावर जाळं ओढणाऱ्या कोणी ते शीड पाहिलंही असेल.

जॉर्डनसचं पुढे काय झालं? चाच्यांनी पकडलं, तुरुंगात पडला, आजारी पडला, एकटा राहिला. तरी त्याने हिंदुस्थानातल्या नवलाईंवर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात फणस आहे, नारळ आहे, आणि एक असं फळ आहे ज्याची गोडी शब्दांत सांगता येत नाही म्हणतो. त्याने दिलेलं नाव अभ्यासकांनी ओळखलं: आंबा! रत्नागिरीकर म्हणून मी त्याला सगळं माफ केलं. १३२९ मध्ये पोपनी, त्याच बाविसाव्या जॉननी, त्याला कोल्लमचा बिशप नेमलं.

आणि ती बाई?

आता शेवटचा प्रश्न. खरं तर हा पहिला असायला हवा होता.

चौघांची नावं आपल्याला माहीत आहेत, त्यांची गावंसुद्धा. काझीचं पद माहीत आहे, अलेक्झांड्रियाचा माणूस माहीत आहे, उंदीर केवढे होते तेही माहीत आहे. त्या बाईचं नाव कोणी लिहिलेलं नाही. तिला न्याय मिळाला का? त्या दिवशी ती घरी परत गेली असेल. त्याच नवऱ्याच्या घरी. आणि आता तिच्या तक्रारीमुळे चार पाहुणे मेले होते. वस्तीतले लोक तिला काय म्हणाले असतील?

हे वाचताना मला आमच्या वाडीतली एक गोष्ट आठवली. मी सहावी-सातवीत असेन. शेजारची एक काकी, हातावर वळ घेऊन, गावकीच्या बैठकीला गेली होती. माझी आजी तिच्यासोबत गेली होती, साक्षीदार म्हणून. नवऱ्याबद्दल ती दोन वाक्यं बोलली असेल-नसेल, तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, तुमच्याच घराण्याने गेल्या शिमग्याला पालखीचा मान अडवला होता. झालं. पुढचे दोन तास पालखी आधी कोणाच्या अंगणात जाणार यावर हमरीतुमरी. बैठक संपली तेव्हा काकी निघून गेलेली कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. आजी घरी येऊन एवढंच म्हणाली, "तिचा इचारला कोनी?"

सातशे वर्षांपूर्वीच्या ठाण्यात तेच झालं. एक बाई मार खाऊन न्याय मागायला आली आणि पुरुषांनी त्या जागी देव कोणाचा मोठा हा खटला चालवला. नंतर ज्यांनी गोष्ट लिहिली त्यांनाही चार हुतात्मे दिसले. बाई फक्त गोष्ट सुरू करून देण्यापुरती.

मध्ययुगीन रहस्यकथा मला का आवडतात, ते या प्रकरणामुळे मला नीट कळलं. त्यातला गुप्तहेर त्या काळातल्या कागदांना न पडलेला प्रश्न विचारतो. तो स्वयंपाकघरात जातो, तबेल्यात जातो, जिचं नाव कोणी लिहिलं नाही तिच्याशी बोलतो. इतिहासकाराला मेलेल्या माणसाशी बोलता येत नाही, पण निदान तिची जागा रिकामी आहे एवढं तरी दाखवता येतं.

तुमच्यापैकी कोणी लिहीत असेल, तर ठाणे १३२१ ही तयार रहस्यकथा आहे. खाडी, चांदणं, पंधरा घरांची वस्ती, घुशी, दुभाषा, कापलेलं राजकारण, सगळं आहे. माझी एकच विनंती. तपास साधूंच्या प्रेतांपासून सुरू करू नका. दोन दिवस मागे जा, त्या घरात. तिला आधी विचारा.

पुढच्या भागात आपल्याच जिल्ह्यात, दाभोळला जाऊ. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी तिथून परतीच्या जहाजात बसला. वाटेत लुटालुटीत त्याची धर्मपुस्तकं गेली होती, त्यामुळे परदेशात त्याला आपला ईस्टर कधी येतो तेच कळेना. त्याची गोष्टही मजेची आहे आणि थोडी दुःखाचीही.

तोपर्यंत काळजी घ्या. आणि लाईट गेली की एखादं पुस्तक उघडून बघा. भेटू!